ढिगाबाहेरची कॉफी

तोडणीच्या दिवसांत दुपार कलली की कॉफीच्या मळ्यात टोपल्या खाली येऊ लागतात. बोराएवढी, लालबुंद फळं. वजन होतं, तोडणाऱ्याच्या नावापुढे आकडा पडतो आणि टोपली ढिगावर रिकामी होते. त्याच क्षणी एक माहिती कायमची पुसली जाते: हे फळ कुठल्या झाडाचं? वरच्या उतारावरचं की ओढ्याकाठचं, जुन्या खोडाचं की नव्या रोपाचं, ते पुन्हा कळायला मार्ग नाही. आपल्याकडे देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा सापडला की ओरड होते, कारण गिऱ्हाईक पेटीवरच्या नावाचे पैसे मोजतं. कॉफीच्या धंद्यात मात्र मिसळणं ही लबाडी समजली जात नसे. ती तिथली रीतच होती.

पनामातल्या पीटरसन कुटुंबाची आणि त्यांच्या ‘हासिएन्दा ला एस्मेराल्दा’ या मळ्याची गोष्ट बहुतेक वेळा एका अलौकिक झाडापासून सुरू केली जाते. माझ्या मते ती ढिगापासून सुरू करायला हवी. ते झाड पनामात चाळीसेक वर्षं उभं होतं. दर हंगामाला फळत होतं, त्याच्या बिया विकल्या जात होत्या, लोक त्याची कॉफी पीतही होते. पण ती कधी एकटी कपात उतरली नव्हती, त्यामुळे तिच्यात काय आहे याचा कोणालाच पत्ता नव्हता.

पनामा म्हटलं की आपल्याला कालवा आठवतो. त्या कालव्यापासून बरंच पश्चिमेला, कोस्टा रिकाच्या सीमेजवळ चिरिकी प्रांत आहे आणि तिथे बारू नावाचा ज्वालामुखी. उंची साधारण ३,४७४ मीटर. देश या भागात इतका अरुंद आहे की आकाश निरभ्र असेल तर शिखरावरून एका बाजूला प्रशांत महासागर आणि दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र दिसतो. ज्वालामुखीच्या पूर्व अंगाला बोकेते हे गाव. जमीन राखेची, काळी, भुसभुशीत. कोरड्या महिन्यांतही कॅरिबियन बाजूचे वारे खिंडींतून बारीक तुषार घेऊन येतात. पाऊसही म्हणता येणार नाही आणि धुकंही, असा तो प्रकार. तिथले लोक त्याला ‘बाहारेके’ म्हणतात. त्यामुळे बोकेतेत इंद्रधनुष्याचं कोणाला अप्रूप नाही.

१९६७ मध्ये रुडॉल्फ पीटरसन यांनी इथली एक जुनी जहागीर विकत घेतली. ते जन्मानं स्वीडिश, वाढले अमेरिकेत, आणि त्या वेळी बँक ऑफ अमेरिकेचे अध्यक्ष होते. निवृत्तीनंतर राहायला एखादी निवांत जागा असावी, इतकाच हेतू होता. जमिनीवर कुरणं होती आणि गुरं. त्यांचा मुलगा प्राइस न्यूरोकेमिस्ट्रीचा, म्हणजे मेंदूतल्या रसायनांचा अभ्यासक. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेला. १९७३ मध्ये तो अमेरिकेतलं संशोधन सोडून बायकोमुलांसह इथे राहायला आला आणि गाईंच्या मागे लागला. कुटुंबाचा मुख्य धंदा दुधाचा. कॉफी आली ऐंशीच्या दशकात, जोडधंदा म्हणून.

वेळ मात्र त्यांनी वाईट निवडली. कॉफी निर्यातदार आणि आयातदार देशांमध्ये कोट्याचा एक आंतरराष्ट्रीय करार होता आणि त्यामुळे भाव एका पातळीखाली जात नसत. १९८९ च्या जुलैमध्ये ती कोट्याची व्यवस्था कोसळली. त्यानंतर भाव पडले, मध्ये थोडे सावरले आणि २००१ मध्ये तर पौंडाला पन्नास सेंटच्याही खाली गेले. मध्य अमेरिकेतल्या कित्येकांना फळं तोडणंही परवडेना. पनामासारख्या चिमुकल्या देशानं व्हिएतनाम आणि ब्राझीलशी भावात टक्कर द्यायची हे शक्यच नव्हतं. म्हणून नव्वदच्या दशकात तिथल्या काही मळेवाल्यांनी एकत्र येऊन संघटना काढली, ‘बेस्ट ऑफ पनामा’ ही चवीची स्पर्धा सुरू केली आणि पुढे निवडक माल इंटरनेटवर लिलावात विकायचं ठरवलं. वजनात जिंकता येत नाही, तर कपात जिंकू या, असा हिशेब.

१९९६ मध्ये पीटरसनांनी बोकेतेच्या दुसऱ्या अंगाला, हारामियो भागात आणखी एक मळा घेतला. तिथल्या कॉफीत लिंबूवर्गीय फळांची एक पुसट छटा आहे, असं त्यांना जाणवलं होतं. पुढे या मळ्यावर ‘ओहो दे गाय्यो’ आला. शब्दशः कोंबड्याचा डोळा. ही बुरशी आहे. पानांवर गोल फिकट डाग पडतात आणि पानं गळून झाड उघडं पडतं. या साथीत एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात आली: मळ्यातली काही उंच, किडकिडीत झाडं इतरांइतकी खचली नव्हती. त्यांच्या फांद्या लांबलांब, पेरं दूरदूर आणि फळ अगदी बेताचं. रोगात टिकतात म्हणून त्यांची रोपं इतरत्रही लावली, काही १,६०० मीटरच्या वर, जिथे तोवर कोणी फारशी कॉफी घेत नसे. चवीचा विचार अजून कोणाच्या डोक्यात नव्हता.

ही झाडं आली कुठून, ही लांबची कथा आहे. १९३० च्या दशकात इंग्रजांनी इथियोपियाच्या नैर्ऋत्येकडच्या जंगलांतून कॉफीचं बी गोळा केलं. गेशा नावाच्या भागाजवळचं म्हणून कागदोपत्री ‘गेशा’ हे नाव लागलं. त्याचं इंग्रजी स्पेलिंग जपानी नर्तकींसारखं झालं, एवढाच त्यांचा संबंध. ते बी केनिया आणि टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियातल्या संशोधन केंद्रांतून फिरत १९५३ मध्ये कोस्टा रिकातल्या तुर्रियाल्बाच्या केंद्रात पोहोचलं. तिथे त्याला नंबर मिळाला टी २७२२. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथून रोपं पनामात आली. बोकेतेतले शेतकरी फ्रान्सिस्को सेर्रासिन यांनी ती १९६३ मध्ये आणल्याचं सांगतात.

आणण्याचं कारण चव हे नव्हतंच. कारण होतं तांबेरा. एकोणिसाव्या शतकात याच रोगानं सिलोनची सगळी कॉफी बसवली आणि तो देश चहाकडे वळला. अमेरिका खंडात तांबेरा अजून पोहोचला नव्हता, पण आज ना उद्या येणार म्हणून त्याला दाद न देणारी झाडं गोळा करणं चालू होतं. गेशा त्यातलं एक. शेतकऱ्यांनी लावून पाहिलं आणि नाक मुरडलं. उत्पन्न कमी, फांद्या ठिसूळ, कमी उंचीवर चवही बेताची. बऱ्याच जणांनी उपटून टाकलं. काहींनी कोपऱ्यात राहू दिलं. हारामियोच्या उतारावर उरली होती ती अशी राहून गेलेली झाडं.

२००४ च्या स्पर्धेची तयारी चालू होती. प्राइस यांचा मुलगा डॅनियल यानं त्या हंगामात एक साधी पण कष्टाची गोष्ट केली. मळ्याचा एक नमुना करण्याऐवजी मळ्याचे तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्यातली फळं वेगळी तोडून घेतली, वेगळी सुकवली आणि वेगळी चाखली. लिंबाची ती पुसट छटा सगळ्या मळ्यात असेल असं वाटलं होतं. निघालं भलतंच. बहुतेक तुकड्यांत ती नव्हतीच. गेशाच्या झाडांच्या एका कोपऱ्यातल्या कपात मात्र छटा कसली, नुसता घमघमाट होता. जाईसारखं फूल, लिंबाच्या जातीचं बर्गामोट, पीचचा गोडवा. इतकी वर्षं हा कोपरा आपला सुगंध सगळ्या ढिगाला वाटून देत होता आणि स्वतः अनाम राहत होता.

कॉफी चाखण्याची पद्धत एकदा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण या साऱ्या प्रकरणाचा निकाल तिथेच लागतो. बी हलकं भाजतात. काळं केलं तर सगळ्या कॉफ्या सारख्याच कडू लागतात. प्रत्येक नमुन्याचे पाच पेले मांडतात. पेल्यात साधारण सव्वाआठ ग्रॅम जाडसर पूड आणि दीडशे मिलिलिटर पाणी, उकळीच्या जरासं खालचं. गाळायचं नाही, ढवळायचं नाही. वर पुडीची साय धरते. चार मिनिटांनी परीक्षक वाकून, नाक जवळजवळ पेल्यात घालून, चमच्याच्या पाठीनं ती साय फोडतो. कोंडलेला वास बाहेर पडतो तो त्या एका क्षणात. मग फेस काढून टाकतात आणि कॉफी जरा निवू देतात. त्यानंतर चमचाभर कॉफी जोरात सुर्रकन ओढायची. चारचौघांत असा आवाज केला तर आई डोळे वटारील, पण इथे तो करावाच लागतो. त्यानं कॉफीचे तुषार तोंडभर उडतात आणि वास घशाकडून नाकात चढतो. चव घेऊन झाली की थुंकून टाकायची, नाहीतर दिवसाला पन्नासेक नमुने चाखणाऱ्याची रात्र जागण्यात जाईल. पेले पाच अशासाठी की एखादं किडकं किंवा आंबलेलं बी असेल तर ते एकाच पेल्यात उतरतं आणि तो पेला चारांत उघडा पडतो. सुवास, आंबटपणा, गोडवा, जिभेवरचं वजन, मागे रेंगाळणारी चव, अशा बाबींचे मिळून शंभरपैकी गुण. ऐंशीच्या वर गेली तर ती ‘स्पेशालिटी’ कॉफी.

परीक्षकांपुढे नमुने नावानिशी येत नाहीत, फक्त नंबर असतो. २००४ च्या ‘बेस्ट ऑफ पनामा’मध्ये त्या टेबलावर हारामियोचा नमुना आला आणि बाकीच्या कॉफ्या मागे पडल्या. पनामाची कॉफी स्वच्छ, सौम्य, सालस अशी ओळखली जायची. या कपाचं नातं थेट इथियोपियाशी लागत होतं. पहिला नंबर आला. लिलावात पौंडाला २१ डॉलर मिळाले, तेही बाजारात पौंडाला डॉलरसुद्धा मिळत नव्हता त्या काळात. पुढची काही वर्षं एस्मेराल्दा जिंकतच राहिली. २००७ मध्ये भाव १३० डॉलर झाला.

झाडाचं श्रेय किती आणि जागेचं किती, हा वाद कॉफीवाले हौसेनं घालतात. दोन्ही लागतात हे उघड आहे. हेच गेशा खाली, उबदार हवेत लावलं तेव्हा कोणाला आवडलं नव्हतं. उंचावर रात्री गार असतात, फळ सावकाश पिकतं, बी घट्ट भरतं आणि त्यात साखर व सुगंधी द्रव्यांना साठायला वेळ मिळतो. पण त्याहूनही दुर्लक्षित भाग तोडणीनंतरचा आहे. एका फांदीवर हिरवी, पिवळी आणि लाल फळं एकाच वेळी असतात, म्हणून त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जाऊन नेमकी पिकलेलीच तोडावी लागतात. एक हिरवं फळ आलं तरी त्याचा तुरटपणा कपात उतरतो. धुण्याच्या पद्धतीत त्याच दिवशी साल काढतात. आत दोन बिया, त्यांच्यावर बुळबुळीत गर. तो काढताना बी बोटांतून निसटतं. हा गर थोडा आंबवून सैल करतात, पाण्यानं धुतात आणि कडक पापुद्र्यातलं बी उन्हात किंवा यंत्रात वाळवतात, आतला ओलावा अकरा-बारा टक्क्यांवर येईपर्यंत. जास्त राहिला तर बुरशी, कमी झाला तर वास उडतो. दुसरी पद्धत अख्खं फळ तसंच वाळवण्याची. तिच्यात जोखीम जास्त, पण फळाचा सुवास दाट उतरतो. आपल्याकडे कर्नाटकातले मळेवाले पहिल्या प्रकारच्या अरेबिकाला ‘प्लांटेशन’ म्हणतात आणि दुसऱ्या प्रकाराला ‘चेरी’.

हे सगळं सांभाळून प्रत्येक तुकड्याचा माल वेगळा ठेवायचा म्हणजे किती व्याप, याचा अंदाज करा. वेगळी तोडणी, वेगळं वाळवण, वेगळ्या गोण्या, वेगळी नोंद. पीटरसनांनी तो व्याप पत्करला आणि तुकड्यांच्या नावानं, तोडणीच्या तारखेनं माल विकायला लागले. लिलावही पुढे स्वतःचा सुरू केला. गंमत म्हणजे मिसळणं त्यांनी सोडलेलं नाही. वेगवेगळ्या तुकड्यांतला गेशा एकत्र करून ते ‘प्रायव्हेट कलेक्शन’ नावानं विकतात. फरक इतकाच की आता चाखून मिसळतात.

भावाचा आकडा मात्र हळूहळू कॉफीपासून सुटत गेला. २०१७ मध्ये एस्मेराल्दाच्या गेशाला पौंडाला ६०१ डॉलर मिळाले. २०१९ मध्ये बोकेतेच्याच लामास्तुस कुटुंबाच्या ‘एलिदा’ मळ्यानं हजाराचा टप्पा ओलांडला, १,०२९ डॉलर. त्यांचाही मळा पिढ्यान्‌पिढ्यांचा. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये एस्मेराल्दाचा धुतलेला गेशा, ९८ गुणांचा, किलोला ३०,२०४ डॉलरला गेला. एकूण माल वीस किलो, घेणारा दुबईचा, रक्कम सहा लाख डॉलरांहून थोडी जास्त. रुपयांत किलोला पंचवीस लाखांच्या वर. एका कपाला लागणाऱ्या पंधरा ग्रॅम कच्च्या बियांचेच चाळीस हजार रुपयांच्या आसपास होतात, भाजताना घटणारं वजन धरलेलंच नाही.

चवीसाठी कोणी इतके मोजत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. वीस किलोमागे सहा लाख डॉलर घालणारा विक्रम विकत घेतो. त्याच्या दुकानाचं नाव दुसऱ्या दिवशी जगभरच्या बातम्यांत येतं आणि जाहिरातीच्या मानानं ते स्वस्तच पडतं. मला त्या आकड्यापेक्षा २००४ चे २१ डॉलर मोठे वाटतात. ते कपातल्या चवीला मिळाले होते, तेव्हा मळ्याला नाव नव्हतं.

या यशकथेच्या दोन बाजू एरवी घाईनं ओलांडल्या जातात. पहिली भांडवलाची. कमी फळणारं, फांद्या मोडणारं झाड मंदीच्या काळात कोण राखू शकतो? ज्याच्याकडे दुधाचे रोजचे पैसे येतात आणि ज्याच्या मागे बँकेच्या अध्यक्षाची मिळकत आहे तो. कर्जातल्या शेतकऱ्यानं तेच झाड उपटलं तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही. डॅनियलची चिकाटी खरी आणि नाकही खरं. पण प्रयोग फसला तरी त्याचं घर चालणार होतं, हेही तितकंच खरं.

दुसरी बाजू तोडणाऱ्या हातांची. बोकेतेच्या मळ्यांवर हंगामात फळं तोडायला येतात ते मुख्यतः न्गोबे आदिवासी. त्यांचा स्वायत्त प्रदेश शेजारीच आहे. १९९७ मध्ये तो कायद्यानं मान्य झाला. कुटुंबंच्या कुटुंबं हंगामापुरती डोंगरांत राहायला येतात. गेशाची झाडं उंच, फळ विरळ, उतार निसरडे आणि नेमकं पिकलेलंच हवं, म्हणजे दिवसाकाठी टोपली कमी भरते. वजनावर मजुरी देण्याची जुनी पद्धत इथे चालत नाही. दर्जा हवा असेल तर वेळेचे पैसे द्यावे लागतात. पिकलेलं आणि जवळजवळ पिकलेलं यांतला फरक डोळ्यांनी ओळखणारी ही माणसं परीक्षकांच्या आधीची परीक्षक आहेत. लिलावाच्या बातमीत त्यांचं नाव येत नाही.

आपल्या देशात ढिगाची गोष्ट आणखी मोठी आहे, कारण आपण तो कायद्यानं केला होता. दुसऱ्या महायुद्धात युरोपचा बाजार बंद झाला आणि कूर्ग-चिकमगळूरच्या मळेवाल्यांचा माल पडून राहायला लागला. त्यांना वाचवायला सरकारनं पूल काढला: मळेवाल्यांनी कॉफी बोर्डाकडे द्यायची, बोर्डानं ती एकत्र विकायची आणि प्रतवारीनुसार पैसे वाटायचे. १९४२ च्या कायद्यानं ही व्यवस्था पक्की झाली. त्या काळात तिनं अनेकांना तारलं, यात शंका नाही. पण संकट सरलं तरी पूल राहिला, तो पन्नासेक वर्षं. एखाद्यानं बाबाबुदनगिरीच्या उतारावर जीव ओतून कॉफी काढली तरी ती त्या सामायिक साठ्यात जाणार आणि त्याचं नाव पिणाऱ्यापर्यंत पोहोचणार नाही. नव्वदच्या दशकात बंधनं टप्प्याटप्प्यानं सैल झाली आणि १९९६ मध्ये पूल संपला. पीटरसनांनी हारामियोचा मळा घेतला, ते हेच वर्ष.

त्यानंतर आपल्या मळ्यांचीही नावं पाकिटांवर यायला लागली. आज पुण्या-मुंबईतल्या कॉफीच्या दुकानात पाकीट उलटून पाहिलं तर मळा, झाडाचा वाण, उंची, वाळवण्याची पद्धत आणि भाजल्याची तारीख एवढं वाचायला मिळतं. महाराष्ट्रात कॉफी होते ती मेळघाटात, चिखलदऱ्याला. इंग्रजांनी लावलेली आणि प्रमाणानं अगदी थोडी. तिथे जाणाऱ्या पर्यटकांना बहुधा आठवण म्हणून एक पुडी मिळते. तिच्यावर कुठल्या उताराची, कुठल्या वाणाची, असं काही लिहिलेलं सहसा नसतं.

असं नावानिशी विकलेलं पाकीट हाती आलंच, तर निदान पहिला कप दूध-साखरेवाचून घ्यावा आणि थोडा निवू द्यावा. गरम असताना कॉफीतला कडवटपणाच पुढे येतो. फुलांचा आणि फळांचा वास कोमट झाल्यावर कळायला लागतो. दुधात तो बुडतोच. दूध घालून प्यायला चिकोरीवाली फिल्टर कॉफी आहे. तिची मजा वेगळी आणि तिला पाच पेल्यांच्या परीक्षेची गरज नाही.